रमाबाईंनी पात्रता विचारली नाही : सेवा, श्रद्धा आणि स्वत्व यांविषयी एक धागा

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक : ‘त्या त्यागमूर्ती होत्या, दीनदुबळ्यांसाठी त्यांनी स्वतःला पुसून टाकले.’ दुसरे : ‘सेवा हे केवळ निमित्त, खरा हेतू धर्मांतराचा.’ पहिले वाक्य पुण्यतिथीच्या भाषणांत भेटते, दुसरे समाजमाध्यमांवरील प्रतिक्रियांत. आजचा धागा या दोन्ही वाक्यांच्या विरोधात आहे. लांब आहे, सवडीने वाचावा.

माझे म्हणणे थोडक्यात असे. रमाबाईंना ख्रिस्ती श्रद्धेत समाधान लाभले आणि त्या समाधानाचे दृश्य रूप म्हणजे त्यांची सेवा, हे खरे. परंतु त्या सेवेतील ‘निःस्वार्थ’ या शब्दाचा अर्थ ‘स्वतःला विसरणे’ असा नव्हता. समोरच्या माणसाची पात्रता न विचारणे, हा तो अर्थ होता. आणि स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेण्याचा अधिकार त्यांनी अखेरपर्यंत कोणाच्याही हाती दिला नाही. अगदी ज्यांनी त्यांना बाप्तिस्म्यापर्यंत नेले, त्यांच्याही नाही.

हे समजून घ्यायचे तर आरंभ इंग्लंडपासून नव्हे, दुष्काळापासून करावा लागतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि मोठे संस्कृत पंडित. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, त्यामुळे शास्त्री-पंडितांचा रोष ओढवला, आणि अखेर सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे आश्रम थाटून ते राहिले. पुढे द्रव्य संपले आणि सारे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. पुराणे सांगायची, जी दक्षिणा मिळेल तीवर गुजराण करायची, आणि हाती येईल ते दानधर्मात, व्रतवैकल्यांत खर्च करायचे. रमाबाईंचे संस्कृत आईच्या तोंडून शिकलेले. त्यांची शाळा म्हणजे हाच रस्ता.

१८७४ ते १८७७ या काळात दक्षिणेत दुष्काळ पडला. शास्त्रीबुवांचे कुटुंब मजुरीला सरावलेले नव्हते आणि भीक मागणे त्यांच्या अभिमानात बसत नव्हते. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. पुढे रमाबाईंनी या दिवसांविषयी लिहिले आहे, आणि त्यातला दुःखाहून अधिक बोचणारा भाग मला हिशेबाचा वाटतो. आयुष्यभर पुण्य जोडले, देवांना काही कमी पडू दिले नाही, ब्राह्मणभोजने घातली, आणि शेवटी अन्नावाचून माणसे गेली. पुण्याच्या त्या खातेवहीवरचा त्यांचा विश्वास तेथेच ढळू लागला. उरलेली दोन भावंडे, रमा आणि श्रीनिवास, पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तेथील पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

पुढची चार वर्षे भरभर सांगतो. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या वकिलाशी, म्हणजे बंगाली आणि रूढ भाषेत ‘खालच्या’ जातीतील गृहस्थाशी, त्यांनी नोंदणी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. १८८२ मध्ये पती पटकीने गेले. त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि स्त्री-डॉक्टरांची गरज ठासून मांडली. १८८३ मध्ये वैद्यक शिकण्याच्या इच्छेने मुलीसह इंग्लंडला गेल्या. कानांनी नीट ऐकू येत नसल्यामुळे वैद्यकाचा बेत मात्र सोडावा लागला.

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. या भगिनींची ओळख पुण्यातच झालेली होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंचा आणि मनोरमाचा बाप्तिस्मा झाला. पुण्यात गहजब उडाला. आजही धर्मांतराची चर्चा या तारखेभोवती घुटमळते. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रसंग लंडनच्या फुलम भागातला आहे.

फुलममध्ये याच भगिनींचे एक गृह होते. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रिया तेथे राहत. रमाबाई तेथे काही काळ राहिल्या. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी सांगितले आहे की, अशा स्त्रियांशी कोणी मायेने वागते हे त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिले. आपल्या शास्त्रांत अशा स्त्रियांना काय दंड सांगितले आहेत, ते त्यांना पाठ होते. म्हणून त्यांनी एका भगिनीला विचारले : तुम्ही हे का करता? उत्तरादाखल तिने योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा सांगितली. ज्या स्त्रीशी यहुद्याने बोलू नये, जिचे चारित्र्य गावाच्या चर्चेचा विषय, तिच्याकडे येशू पाणी मागतो आणि तिच्याशी देवाविषयी बोलतो.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक खोचक टीप जोडली पाहिजे. व्हिक्टोरियन इंग्लंडमधील अशी सुधारगृहे ही मायेची माहेरघरे होती असे समजू नये. कडक शिस्त, धुलाईचे कष्ट आणि सतत ‘तू पापी आहेस’ याची आठवण, हे तेथील नित्याचे होते. रमाबाईंना त्यातले किती दिसले हा निराळा प्रश्न. पण जे दिसले त्यातून त्यांनी जे उचलले ते नेमके होते : ज्याला शास्त्राने अपात्र ठरवले, त्याच्याकडेच प्रथम जायचे. पुण्याच्या खातेवहीला हे पहिले उत्तर होते.

आता त्यागमूर्तीच्या चित्राकडे वळू. हे चित्र ज्यांना प्रिय आहे त्यांनी रमाबाईंचा पत्रव्यवहार वाचावा. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली तो प्रकाशित केला. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. आजीबाईंना नात आज्ञाधारक हवी होती. नातीला ते जमले नाही.

वाद कशावरून झाले? त्र्यैक्याच्या सिद्धांतावरून झाले. ‘चर्च सांगते’ एवढ्यावर विश्वास ठेवायला रमाबाई तयार नव्हत्या. खाण्यावरून झाले, ख्रिस्ती झाल्यावरही त्या शाकाहारी राहिल्या आणि जेराल्डिनना त्यात जातीचा उरलासुरला अभिमान दिसला. क्रुसावरील लॅटिन अक्षरांवरूनही झाले; न कळणारी लॅटिनच का, संस्कृत का नको, असा रमाबाईंचा रोख होता. सर्वांत मोठा वाद १८८५ चा. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या शिकत होत्या आणि पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला. हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली : अशाने मायदेशी तिची प्रतिष्ठा जाईल. रमाबाईंचे उत्तर वाचताना आजही गंमत वाटते. माझ्या वडिलांनी आणि पतीने माझ्या आईला वा मला पुरुषांना शिकवण्यास कधी हरकत घेतली नाही. ती हरकत तुम्ही इंग्रजांनी घ्यावी, याचे त्यांना नवल वाटले. आणि एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटका करून घेतल्यावर तसेच दुसरे जोखड मानेवर घ्यायची आपली इच्छा नाही, हेही त्यांनी स्वच्छ कळवले.

जेराल्डिनना यात गर्व दिसला. सेवाव्रती स्त्रीने आधी आपली इच्छा मोडायला शिकले पाहिजे, ही मठाची शिकवण. रमाबाईंचे म्हणणे असे की, माझी सदसद्विवेकबुद्धी देवाने दिली आहे. ती दुसऱ्याच्या स्वाधीन केली तर मी देवाला काय अर्पण करणार? (हे शब्द माझे आहेत, आशय पत्रांचा.) आणि या साऱ्या वादांची पत्रे जपून, जुळवून ठेवली ती जेराल्डिन यांनीच. ज्या आवाजाला त्या हट्टी म्हणत, तो त्यांच्यामुळेच आपल्यापर्यंत आला.

याच वर्षी, १८८५ मध्ये, पुण्यात जोतीराव फुले ‘सत्सार’ मधून रमाबाईंची बाजू घेत होते, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. सनातनी आणि सुधारक दोघेही अस्वस्थ असताना फुल्यांना या बाईचा निर्णय कळत होता.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि तेथेच राहून त्यांनी विधवांच्या शाळेसाठी साहाय्य उभे केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी पुण्यात आले. सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे, म्हणजे सर्वांच्या बाया झाल्या. हिंगण्याच्या कार्याचे एक मूळ शारदा सदनात आहे, हे हिंगण्याविषयी बोलताना क्वचितच सांगितले जाते.

आता माझ्या मांडणीतला अवघड दुवा. सेवा केली की समाधान मिळते, असे सरळ सूत्र रमाबाईंच्या बाबतीत लागू पडत नाही. बाप्तिस्मा झाला होता. संस्था उभी होती. उच्चवर्णीय विधवांच्या मुंडण केलेल्या डोक्यांवर पुन्हा केस वाढत होते, मुली शिकत होत्या. तरी मन रिकामे होते. त्या स्वतः लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या सुमारास त्यांच्या ध्यानी आले : आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त सापडलेला नाही. तोवर त्यांनी धर्म बुद्धीने तोलून स्वीकारला होता आणि विधींवर भिस्त ठेवली होती. जणू खातेवही तीच, फक्त तिची भाषा बदललेली. यानंतर त्यांना उमगले ते असे की, देवाची कृपा कमवावी लागत नाही. ती अपात्राला, आहे तशा स्थितीत, फुकट मिळते. त्या लिहितात त्याप्रमाणे खरे समाधान येथून पुढचे.

एखादा म्हणेल, हा खासगी आध्यात्मिक अनुभव. त्याचा इतिहासाशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो संस्थेच्या प्रवेशाच्या अटींत दिसतो. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. रमाबाईंचे १८८७ चे गाजलेले इंग्रजी पुस्तकही उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीच होते. १८९६ च्या दुष्काळानंतर जे उभे राहिले त्याला अशी अट नव्हती.

तत्पूर्वी १८९३ चा वाद. शारदा सदनात धर्मशिक्षण सक्तीचे नव्हते. पण रमाबाई आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तेथे येऊन बसत. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दार बंद करून प्रार्थना करणे रमाबाईंना मान्य नव्हते. मला दोन्ही बाजू समजतात. ज्या मुलीला आईबाप नाहीत वा ज्यांनी टाकले आहे, तिच्यासाठी पालनकर्तीचे उघडे दार हे नुसते दार नसते.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंनी छावण्या पाहिल्या. वीस वर्षांपूर्वी स्वतः भुकेने रानोमाळ फिरलेल्या बाईला तेथे काय दिसले असेल, हे सांगायला नको. दुष्काळात अनाथ मुलींना पळवून नेणारे, विकत घेणारे टपलेले असतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. शेकडो मुली त्यांनी आणल्या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग; शहरात नव्या मुली ठेवण्यास मज्जाव. मग दौंडच्या लोहमार्गावरील केडगाव. फळबागेसाठी म्हणून घेतलेल्या जमिनीवर आधी तंबू, मग झोपड्या, मग दगडी इमारती : मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

यातल्या बहुतेक मुली ‘उच्चवर्णीय विधवा’ नव्हत्या. शेतमजुरांच्या, कोष्ट्यांच्या, नाव-गाव न सांगता येणाऱ्या अशा. खरजेने भरलेल्या, उवांनी ग्रासलेल्या, चोरून खाण्याची सवय लागलेल्या. पुढे फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन झाले. आंधळ्यांची आणि वृद्धांची सोय झाली. फुलममध्ये जे पाहिले ते आता केडगावच्या माळावर, मराठी आणि गुजराती बोलत होते.

शिवाय तेथे कोणी नुसते बसून खात नव्हते. शेती, दूधदुभते, विणकाम, तेलाची घाणी, छापखाना : सारे स्त्रियांच्या हाती. दोन हजार माणसांचा रोजचा स्वयंपाक म्हणजे काय, याचा हिशेब घरात चार माणसांचा स्वयंपाक करणाऱ्यांनी मांडून पाहावा. सेवा हा शब्द आपण फार हळव्या सुरात उच्चारतो. केडगावला त्याचा अर्थ विहिरी खणणे, धान्य मोजणे, शौचकूप बांधणे, आणि रात्री आजारी मुलीशेजारी बसणे असा होता.

आणि सेवा करणारी बाई गप्प होती काय? १८९७ मध्येच पुण्यातील प्लेग-व्यवस्थेत स्त्रियांची जी विटंबना होत होती, तिच्याविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहिले. त्याचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटात उमटले आणि गव्हर्नर सँडहर्स्ट यांच्या सरकारने त्यांना खोटे पाडण्याचा खटाटोप केला. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या राज्यकर्त्यांच्या झाल्या, असे म्हणणाऱ्यांनी हे पत्र विसरू नये. आजीबाईंना जे उत्तर, तेच सरकारला.

आता दुसऱ्या वाक्याचा हिशेब. ‘सेवा हे निमित्त’ असे म्हणणाऱ्यांची साखळीच उलटी आहे. रमाबाईंच्या आयुष्यात आधी भूक आली, मग सेवा पाहणे आले, मग श्रद्धा, मग स्वतःची सेवा. सेवा हे श्रद्धेचे आमिष नव्हते. श्रद्धाच सेवा पाहून जागी झाली होती. तरीही टीकेतला एक प्रश्न खरा उरतो आणि तो टाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. शारदा सदनाच्या अमेरिकन मंडळाची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपली. त्यानंतर मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था झाली. तेथे असंख्य मुलींचा बाप्तिस्मा झाला, आणि १९०५ मध्ये जे धार्मिक पुनरुज्जीवन उसळले त्यात मुली तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना करीत, रडत. उपासमारीतून वाचवलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला, जिला जायला दुसरे घर नाही, ‘नाही’ म्हणण्याची मुभा कितपत होती? रमाबाईंना वाँटेजमध्ये आजीबाईंना नकार देता आला, कारण त्या पंडिता होत्या, त्यांच्यापाशी संस्कृत होते, कीर्ती होती. केडगावच्या मुलीपाशी यांतले काहीच नव्हते. प्रवेशाच्या दारात पात्रता विचारली गेली नाही, हे खरे. आत आल्यावर मतभेदाला किती जागा होती, हे त्या मुलींच्या स्वतःच्या शब्दांत आपल्याला फारच थोडे ऐकू येते.

मात्र हा प्रश्न जे आज विचारतात त्यांना एक उलटप्रश्नही ऐकून घ्यावा लागेल. त्या छावण्यांत, त्या रस्त्यांवर, त्या मुलींना उचलायला आणखी किती जण आले होते?

हे सारे आज लिहावेसे वाटले याला कारण आहे. सेवेच्या क्षेत्रातील स्त्रियांविषयी, मग ती रुग्णालयातील परिचारिका असो, आशाताई असो वा एखाद्या मठातील भगिनी, आपण सहज म्हणतो की त्यांनी स्वतःला विसरून काम करावे. पगार मागितला, रजा मागितली, वरिष्ठांना उलट विचारले की सेवाभाव उणा पडला असे मानतो. या अपेक्षेच्या समर्थनार्थ ज्या थोर स्त्रियांची नावे घेतली जातात, त्यांत रमाबाईंचे नाव असते. ते घेण्यापूर्वी १८८५ ची पत्रे एकदा चाळावीत.

अखेरची वर्षे बायबलच्या भाषांतराची. प्रचलित मराठी बायबल साध्या बायकांना समजत नाही, हे केडगावला रोज दिसत होते. म्हणून पन्नाशीच्या आसपास त्यांनी हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून मुळावरून नवे भाषांतर आरंभले. संस्कृतावर असामान्य प्रभुत्व असलेल्या या बाईने ते जाणीवपूर्वक साध्या, गावाकडच्या मराठीत केले. १९२१ मध्ये चाळिशीतली मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे, छापणे, बांधणे हे सारे मुक्तीच्या छापखान्यात झाले, आणि ते करणाऱ्या हातांत दुष्काळातून आलेल्या मुलींचे हात होते.